मदत हवी आहे: सीटी स्कॅननंतर तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ. डायमुळे असेल का?

नमस्कार मंडळी, सासूबाईंसाठी विचारतेय. वय ६८, किडनीचे रिपोर्ट व्यवस्थित. पोटाचा सीटी स्कॅन डाय (आतलं नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन झाला. इंजेक्शन जाताना अंगातून गरम लाट गेली आणि तोंडाला विचित्र चव आली, बाकी काही नाही. अर्धा तास बसवून घरी सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर आणि परकराची नाडी बसते तिथे कमरेभोवती लाल, बारीक, हाताला लागणारे ठिपके. संध्याकाळपर्यंत मांड्या आणि दंडही भरले. खाज इतकी की रात्रभर फणीने पाठ खाजवत होत्या. ताप नाही, तोंडात फोड नाहीत, दमही लागत नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, उष्णता. शेजारच्या काकूंनी पित्त उठलंय म्हणून आमसूल चोळायला लावलं. सेंटरवाल्यांचं म्हणणं, डायची रिअ‍ॅक्शन टेबलावरच येते, तीन दिवसांनी आली तर आमचा संबंध नाही. त्यात स्कॅनच्या आदल्या दिवशी नवीन अँटिबायोटिकही सुरू झालं होतं, म्हणजे चोर कोण तेच कळेना. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन आहे. तेव्हा फॉर्मवर ‘अ‍ॅलर्जी’च्या रकान्यात काय लिहू? आणि डायमध्ये आयोडीन असतं म्हणे, कोळंबीतही असतं, मग कोळंबी बंद करायची का? त्या मालवणच्या, त्यामुळे हा प्रश्न घरात सगळ्यात गंभीर आहे.

गवती_चहा: ताई, मला अँजिओग्राफीनंतर (तिच्यातही डाय देतात) दुसऱ्या दिवशी अगदी असंच झालं होतं. पित्ताची गांधी काही तासांत बसते आणि दुसरीकडे उठते. हे पुरळ जागचं हलत नाही, आठवडाभर राहतं, मग सालं निघतात. मला त्वचारोगतज्ज्ञांनी खाजेची गोळी आणि लावायला स्टेरॉइडचं मलम दिलं होतं. आमसुलाने नुसती चुरचुर वाढेल हो.

सीटी_टेक्निशियन: सेंटरने सांगितलं ते अर्धवट आहे. तासाभरात येते ती तत्काळ रिअ‍ॅक्शन, तिच्यासाठीच पेशंटला बसवून ठेवतात. एक तास ते सात दिवस यांत येते ती उशिराची. ती बहुतेक वेळा त्वचेवरच दिसते आणि आपोआप ओसरते. डाय स्वतः २४ तासांत लघवीवाटे जवळपास सगळं निघून गेलेलं असतं, पण टी-पेशी (शरीराच्या संरक्षणातल्या पेशी, हे पुरळ त्यांच्यामुळे येतं) जाग्या व्हायला वेळ लागतो.

कोळंबी खुशाल खाऊ द्या. तिची अ‍ॅलर्जी असते ती तिच्यातल्या प्रथिनाची. आयोडीन तर मिठातही आहे, ते काय बंद करणार! म्हणूनच फॉर्मवर ‘आयोडीन अ‍ॅलर्जी’ लिहू नका, त्यावरून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. आयोहेक्सॉल, आयोडिक्सॅनॉल, आयोप्रोमाइड अशा डायपैकी नेमकं कुठलं दिलं ते सेंटरच्या नोंदीत असतं. ते लेखी मागा. नाव, तारीख, पुरळ किती वेळाने आलं, हे चार शब्द फाइलवर हवेत. आत्ताच फोटोही काढून ठेवा, नंतर सांगून कोणी विश्वास ठेवत नाही.

त्वचावैद्य: अँटिबायोटिकचा संशय खराच आहे, नुसतं पुरळ बघून दोघांतला फरक सांगता येत नाही. ते चालू ठेवायचं की बदलायचं हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच विचारा. पुरळ पूर्ण गेल्यावर, पण सहा महिने उलटायच्या आत, पॅच टेस्ट (औषध लावलेली पट्टी पाठीवर चिकटवून बघतात ती) किंवा त्वचेत सूक्ष्म इंजेक्शन देऊन चाचणी करता येते. निकाल ४८ आणि ७२ तासांनीही बघावा लागतो, वीस मिनिटांत ‘निगेटिव्ह’ म्हणून परत पाठवलं तर ती अर्धीच चाचणी. एका डायला रिअ‍ॅक्शन असेल तर दुसऱ्यालाही येऊ शकते, म्हणून पर्याय चाचणीनेच निवडलेला बरा. स्कॅनआधी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात त्या तत्काळ रिअ‍ॅक्शनसाठी, उशिराच्या पुरळासाठी त्यांचा भरवसा नाही. डायशिवाय किंवा सोनोग्राफीवर भागेल का, हेही विचारा.

ताप, चेहऱ्यावर सूज, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, फोड, कातडी सुटणं किंवा दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. सेंटरला ईमेल केल्यावर नाव मिळालं, आयोडिक्सॅनॉल. अँटिबायोटिक डॉक्टरांनी थांबवलंय. उद्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जातोय. पुण्यात डायची पॅच टेस्ट कुठे करतात, कोणाला माहीत आहे का?