गणेशचवथीला चौदा माणसं, गिझर एक. किती लिटरचा घ्यावा?

गोव्यात मार्दोळला आमचं मूळ घर. एरवी आई-बाबा दोघंच, पण चवथीला मुंबई-पुण्याची भावंडं, वहिन्या, पोरं धरून १४ माणसं. न्हाणीघरं तीन, गिझर एकच: २५ लिटर, २ किलोवॅट. पूजेआधी, साडेपाच ते आठ या वेळात सगळ्यांच्या अंघोळी उरकायच्या. गेल्या वर्षी तिसरा नंबर धाकट्या वहिनीचा. डोक्याला शिकेकाई आणि शॉवरमधून गारढोण पाणी! शेवटी परसातलं पाणी तापवायचं भाण पेटवायला घेतलं, तर जळणाची चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) पावसानं ओलीचिंब. अर्धा तास नुसता धूर.

मी हिशेब मांडलाय. ६० अंशांचं पाणी टाकीतल्या २७ अंशांच्या पाण्यात मिसळून ४० वर आणायचं, तर २० लिटरच्या बादलीला गरम पाणी ८ लिटर पुरतं. शॉवर मिनिटाला ८ लिटर धरला तर आठ मिनिटांत ६४ लिटर, त्यात गरम २५. म्हणजे एका शॉवरला अख्खा गिझर! आमच्याकडे शॉवरवाले सहा, बादलीवाले आठ. गरम पाणी साधारण २१५ लिटर.

मग १०० लिटरचा एकच मोठा घ्यावा का? सोलर नको, चवथीला ऊन कुठलं. गॅस गिझरला बाबांचा विरोध आहे. न्हाणीघराला एवढासा झरोका, जळल्या गॅसचा वायू बाहेर जाणार कसा? मलाही ते पटतं.

प्रतिसाद
लिटर सोडा, पाणी पुन्हा किती वेळात तापतं ते बघा. २ किलोवॅटची कॉइल २५ लिटर अर्ध्या तासात तापवते. आधी तापलेले २५ धरून अडीच तासांत एका गिझरचं १५० लिटर होतं, असे दोन असले तर ३००. तेवढ्याच कॉइलचा १०० लिटरवाला सव्वादोनशेवर थांबेल, वर उरलेलं वर्षभर तुमच्या आई-बाबांच्या दोन बादल्यांसाठी शंभर लिटर तापवत बसेल. दुसरा २५ चाच घ्या, दुसऱ्या न्हाणीघरात. फक्त शॉवरवाले एकामागोमाग सोडू नका, मध्ये एखादा बादलीवाला घाला. दोन्ही चालू असताना १७-१८ अँपिअर जातील, तेव्हा प्रत्येकाला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग नीट. बिलावर मंजूर भार, म्हणजे घराला किती किलोवॅट मंजूर आहेत ते बघा; दोन गिझरच ४ किलोवॅटचे होतात. आणि हे श्रावणाआधी करा, चवथ तोंडावर आली की इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही.

धागाकर्ता
बिल पाहिलं, भार ३ किलोवॅटच आहे. उद्याच वीज खात्यात जातो. यंदा पहिला नंबर वहिनीचा.