शब्दचर्चा: कॅन्ससचा ‘ग्रे’ म्हणजे राखाडी, करडा की विटका?

प्रश्न:
सोलापुरात सुट्टीला आलेल्या भाचीला रोज रात्री एल. फ्रँक बॉमची ऑझची गोष्ट (१९००) मराठीतून सांगतोय आणि सुरुवातीलाच अडलोय. गोष्टीतली मुलगी डोरोथी, तिच्या कॅन्ससमध्ये सगळंच ‘ग्रे’ आहे: उन्हानं भाजून भेगाळलेली नांगरट, गवताची पाती, घर, एमकाकू, हेन्रीकाका. मी ‘राखाडी’ म्हटलं, तर भाची विचारते, “आग लागली होती का?”

प्रतिसाद:
भाचीचं बरोबर आहे. राखाडीत राख आलीच, आणि तिथं जळालेलं काहीच नाही, उन्हानं रंग खाल्लाय. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात चादरींचे माग होते. आमच्याकडं याला ‘विटणं’ म्हणतात. दोन उन्हाळे गच्चीवर पडलेली चादर उलगडून बघा. घडीच्या आतला मोर अजून लालभडक, आणि वरच्या अंगाचा मोर कुठल्या रंगाचा होता तेही सांगता येत नाही. मी ‘विटका’ घेईन.

प्रश्नकर्ता:
चादरीचा दाखला फार आवडला. घराला ‘विटलेलं’ अगदी चपखल बसतं, कारण त्याच्या रंगाला उन्हानं फोड आले आणि मग पावसानं तो धुऊन नेला, असंच बॉम सांगतो. पण मे महिन्यातल्या रानाला आपण विटकं म्हणत नाही. शिवाय बॉम शब्द बदलतच नाही, तोच तोच पुन्हा वापरतो. मराठीत लिहिताना शब्द दुसऱ्यांदा आला की आपला हात लगेच पर्याय शोधतो. इथं तो आवरायला हवा.

म्हणून सगळीकडे ‘करडा’. दाढीपासून बुटांपर्यंत करडे, कधीच न हसणारे हेन्रीकाका तर या शब्दात दोन्ही अर्थांनी बसतात. अडचण एमकाकूची. ‘करडे डोळे’ म्हटलं की करडी नजर आठवते, धाक वाटतो, आणि ती तर नुसती थकलेली बाई. तिथं मी ‘डोळ्यांतली चमक ऊन-वाऱ्यानं नेली, मागं करडेपणा उरला’ असं सांगतो. चमक आधी गेली की धाक वाटत नाही.

पुढं ऑझच्या जादूई देशात मंचकिन लोकांचा प्रांत निळा, पाचूनगरी हिरवी. पुस्तकातली डेन्स्लोची चित्रंही प्रांतागणिक रंग बदलतात. तिथं शब्दांची काही अडचण नाही.

‘करडा’ सातव्यांदा आला तेव्हा भाचीचे डोळे मिटत आले होते. मग मी डोरोथीच्या कुत्र्याकडं वळलो आणि म्हटलं, “टोटो मात्र करडा नव्हता. टोटो काळाभोर होता.” ती ताडकन उठून बसली.