‘शिक्षण ही एक सामाजिक संस्था आहे’: इथे ‘संस्था’ चालेल का?

कागदफूल
समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एका प्रकरणाचं भाषांतर करते आहे. विषय शिक्षण आणि विषमता. पहिल्याच वाक्याला अडले. मी लिहिलं, ‘शिक्षण ही एक सामाजिक संस्था आहे.’ मुद्रितशोधकांनी समासात लाल पेनानं विचारलं, ‘संस्थेचं नाव राहिलं आहे का?’

त्यांची चूक नाही. ‘सामाजिक संस्था’ म्हटलं की नोंदणी क्रमांक, अध्यक्ष, खजिनदार आणि पावतीपुस्तक डोळ्यांपुढे येतं. ‘शिक्षणसंस्था’ म्हणजे तर शाळा चालवणारं मंडळच. मला म्हणायचंय ते निराळं: पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली रचना. कोणी शिकवायचं, कोणी शिकायचं, काय शिकण्यालायक मानायचं, हे तिच्यात आधीच ठरून गेलेलं असतं. तुम्ही काय वापरता?

मोडीवाचक
संस्था हाच शब्द. विवाहसंस्था, कुटुंबसंस्था, जातिसंस्था हे शब्द मराठीत कधीचे रुळले आहेत. ‘विवाहसंस्था’ वाचून कोणी वधूवर सूचक मंडळाचा पत्ता विचारत नाही. शब्द बरोबर आहे, वाचकाला तो शिकवा.

कागदफूल
पण विवाह आणि कुटुंब यांच्यापुढे ‘संस्था’ लागली की रीत समजते, आणि शिक्षण किंवा वित्त यांच्यापुढे लागली की इमारत उभी राहते. माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

पायवाट
सम् + स्था, एकत्र स्थिर उभं राहणं. यज्ञविधींमध्ये ‘सप्त सोमसंस्था’ असतात, म्हणजे सोमयागाचे सात ठरलेले प्रकार, अग्निष्टोम वगैरे. तिथे संस्था म्हणजे विधीचा ठरून गेलेला साचा. कागदफूल, तुम्हाला हवा असलेला अर्थ इतका जुना आहे. मंडळ हा अर्थ नंतरचा.

गंमत म्हणजे इंग्रजी ‘इन्स्टिट्यूशन’च्या लॅटिन मुळाशीही हाच उभं राहण्याचा धातू आहे, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा एक अर्थ शिकवण असाच होता. क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाच्या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या नावात तो त्याच अर्थानं येतो. फ्रेंचमध्ये प्राथमिक शिक्षकाला बोलताना अजूनही ‘अँस्तित्युतर’ म्हणतात.

खडूफळा
मी हा विषय शिकवते. एका चाचणीत प्रश्न घातला होता, ‘शिक्षण या सामाजिक संस्थेची विषमतेतील भूमिका स्पष्ट करा.’ जवळजवळ अर्ध्या वर्गानं वह्या वाटणाऱ्या, शिष्यवृत्त्या देणाऱ्या मंडळांबद्दल लिहिलं. एका मुलीचा पेपर अजून आठवतो. सुंदर अक्षर, प्रत्येक मुद्द्याखाली पट्टीनं ओढलेली रेघ. संस्थेनं गरीब मुलांसाठी काय काय करावं, याचे सात मुद्दे. मी तिला १० पैकी २ दिले. ते २ मला आजही टोचतात.

‘संस्था’चा तो दुसरा अर्थ वर्गात मी कधी सांगितलाच नव्हता. ज्यांच्या घरी अग्रलेख वाचले जातात, त्यावर जेवताना बोललं जातं, त्यांना तो आपसूक ठाऊक होता. बोर्द्यू आणि पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये हेच मांडलं: शाळा मुलांकडून असं काही मागते जे ती स्वतः शिकवत नाही, जे घरून येतं, आणि मग त्यालाच हुशारी म्हणते. मी तो सिद्धांत शिकवत होते आणि त्याच पेपरात तसंच वागत होते.

मोडीवाचक
तुमची कळकळ पोचली, पण हा दोष शब्दाचा नाही, न शिकवण्याचा आहे. सोपा शब्द देऊन त्या मुलीला दारातच ठेवायचं का? पुढच्या प्रत्येक पुस्तकात तिला ‘संस्था’ भेटणार आहे. तिला तो शब्द न देणं हाही अन्यायच.

खडूफळा
हे मला पटतं. म्हणूनच तर ठरवता येत नाही.

तळटीप
‘शिक्षणव्यवस्था’ का नको? वर्तमानपत्रं हेच लिहितात. जातिसंस्था आणि जातिव्यवस्था दोन्ही चालतातच की.

कागदफूल
व्यवस्था म्हटलं की खातं, वेळापत्रक, परीक्षा, अनुदान. व्यवस्था बदलायला एक आदेश पुरतो, संस्था तशी हलत नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ कोलमन यांचा अहवाल आला, सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती घेऊन. शाळांच्या साधनसामग्रीतल्या फरकापेक्षा घरची परिस्थिती मुलांच्या यशापयशावर जास्त परिणाम करते, असं त्यात निघालं. प्रयोगशाळा, ग्रंथालय हा व्यवस्थेचा भाग झाला. उरलेलं जे आहे त्याला नाव हवंय.

तळटीप
मग ‘घडी’ घ्या. समाजाची घडी बसते, विस्कटते, आणि एकदा पडली की कापड आपोआप त्याच रेघेवर दुमडतं. ‘शिक्षण ही समाजाची एक बसलेली घडी आहे.’

मोडीवाचक
ललित लेखात शोभेल. पण ‘संस्थात्मक’ला काय म्हणणार? बोर्द्यूच्या ‘सांस्कृतिक भांडवला’चे, म्हणजे पैशासारख्याच उपयोगी पडणाऱ्या ज्ञान, वळण, पदव्या यांचे, तीन प्रकार पुढे येतीलच: अंगात मुरलेलं, वस्तूंमधलं, आणि पदवीच्या रूपातलं संस्थात्मक. तिथे ‘घडीयुक्त’ लिहिणार का? परिभाषेत एका शब्दापासून दहा शब्द निघावे लागतात.

शेवटचा बाक
संस्थेचं तुम्ही बघा, मला त्याहून मोठा घोळ ‘गुण’ या शब्दाचा वाटतो. निकालाच्या दिवशी घरी येऊन मी आईला म्हणालो, ‘गुण कमी पडले.’ ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘गुण नाही रे कमी तुझ्यात, मार्क कमी असतील.’ ती दुसरीपर्यंत शिकलेली. हा फरक मला कोणत्याच मास्तरांनी सांगितला नव्हता. आपल्या भाषेत परीक्षेतला आकडा आणि माणसाची लायकी यांना एकच शब्द आहे. तो शब्द लहान मुलाच्या प्रगतिपुस्तकावर छापताना कुणाला काही वाटत नाही?

मोडीवाचक
म्हणून काय ‘मार्क’ लिहायचं? उत्तम मराठी शब्द असताना?

शेवटचा बाक
हो, लिहायचं. ‘मार्क’ म्हणजे नुसती खूण. ती कुणाच्या स्वभावाला चिकटत नाही.

तळटीप
‘गुणवत्ता’चं तेच. वस्तूचा दर्जा आणि माणसाचं मेरिट, दोन्हींना तोच शब्द. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकल यंग यांनी १९५८ मध्ये ‘मेरिटोक्रसी’ (मेरिटवाल्यांचं राज्य) हा शब्द उपहासानं, धोक्याची सूचना म्हणून वापरला होता. वरचे लोक आपलं स्थान कमावलेलं आहे असं मानतील आणि खालच्यांना स्वतःचीच लाज वाटेल, हे त्यांचं म्हणणं. पुढे लोक तोच शब्द कौतुकानं वापरू लागले. मराठीत ‘गुणवत्ताशाही’ केला तर तो इशारा कानावरच पडत नाही, कारण ‘गुण’ मुळातच चांगला.

पायवाट
गुण म्हणजे मुळात दोरीचा पदर. द्विगुण, त्रिगुण म्हणजे दोन पदरी, तीन पदरी. गुणाकारही त्यातूनच. आणि ‘स्कूल’चं मूळ ग्रीक ‘स्खोले’, म्हणजे फुरसत. ज्याला पोटासाठी राबायचं नव्हतं तो शिकायला मोकळा, हे त्या शब्दातच बसलेलं आहे.

कागदफूल
गुणांवर वेगळा धागा काढा, मी येईन. माझं प्रकरण उद्या परत जायचं आहे. सध्या असं लिहिलंय: ‘विवाह, कुटुंब यांच्याप्रमाणे शिक्षण हीसुद्धा समाजात रुजलेली एक संस्था आहे, इथे संस्था म्हणजे मंडळ किंवा कार्यालय नव्हे.’ ‘सामाजिक’ काढून टाकला. ‘नव्हे’नं संपणारी व्याख्या मला आवडत नाही, पण ती मुलगी निदान अडणार नाही.

खडूफळा
हे वाक्य आणि घडीचं वाक्य, दोन्ही सोमवारी वर्गात वाचून दाखवते. काय कळलं ते आधी तिलाच विचारेन.

मोडीवाचक
विचारा. आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत इथे लिहा, तुमच्या नको.