लक्षद्वीप: जहाज अगत्तीला थांबतं तेव्हा स्वतःची बोट ठरवता येते का?

बाराबंदी (सोलापूर)

गड्ड्याची जत्रा उरकली की जानेवारीअखेर मुंबईहून जहाजाने लक्षद्वीपला जायचं चाललंय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि ११ वर्षांची मुलगी. जहाज तिथल्या अगत्ती बेटाला सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबतं. जहाजाच्या सहलीत मोठ्या घोळक्यात फिरवतात, म्हणून तिथल्याच बोटवाल्याशी थेट बोलून जवळच्या बंगाराम बेटावर जाऊन यावं असं मनात आहे. पण तिथे सरकारी परमिटशिवाय पाऊल टाकता येत नाही म्हणे. खाजगी बोट घेतली तर परमिटला बाधा येते का? पोलिसांचा दाखला लागतो का? जाणकारांनी नीट सांगावं.

भुईकोट

परमिट लागतंच, आणि ते आपल्यासारख्या भारतीयांनाही लागतं. १९६७ च्या प्रवेश-निवास निर्बंध नियमांनुसार बेटावरचा मूळ रहिवासी नसलेल्या प्रत्येकाला ते घ्यावं लागतं. कामावर असलेले सरकारी कर्मचारी वगैरे मोजके अपवाद सोडले तर कुणाची सुटका नाही.

तुमच्या प्रश्नाचा गाभा बोट कुणाची यात नाही. परमिटवर बेटांची नावं लिहिलेली असतात. ज्या बेटाचं नाव आहे तिथेच उतरायचं. जहाजाचं परमिट सगळ्या प्रवाशांसाठी एकत्र काढलेलं असेल आणि त्यावर फक्त अगत्ती असेल, तर बंगारामला नेणारा बोटवाला कितीही ओळखीचा असला तरी तुम्ही तिथे विनापरवाना ठरता. पैसे देऊन ही अडचण सुटत नाही.

म्हणून बुकिंगच्या आधी कंपनीला ईमेल करा, फोनवरचं तोंडी उत्तर धरू नका. तीन गोष्टी विचारा: परमिटवर कोणकोणती बेटं आहेत, सहल न घेतलेल्या प्रवाशाला अगत्तीत स्वतंत्र उतरू देतात का, आणि परमिटची प्रत उतरताना हातात मिळते का. तिसरं लोक विसरतात. बेटावर पोलिसांनी विचारलं तर दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हवं. मूळ आधारकार्डही जवळ असू द्या.

जुळे_सोलापूरकर

दाखल्याचं सांगतो. जहाजाच्या एकत्रित परमिटसाठी काय काय द्यायचं ते कंपनी कळवते. स्वतंत्र परमिट काढायची वेळ आली तर मात्र चारित्र्य पडताळणीची तयारी ठेवा. अर्ज महाऑनलाइनच्या पोलीस क्लिअरन्स सेवेतून होतो. इथे एक गफलत नेहमी होते. सोलापूर शहरातला पत्ता आयुक्तालयाकडे जातो. बार्शी, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट हे सगळं ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. आधारवर गावचा पत्ता आणि राहायला शहरात असं असेल तर अर्ज चुकीच्या कार्यालयात पडतो आणि आठवडे जातात. पत्ता आधी एकसारखा करून घ्या.

दुसरं, नावं. सासूबाईंच्या आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं, बुकिंगमध्ये मधलं नाव गाळलेलं, असं आपल्याकडे घरोघरी असतं. बुकिंग, परमिट आणि उतरताना दाखवायचं ओळखपत्र, तिन्हीकडे एकच नाव हवं, अक्षरासकट. मुलीचंही आधार न्या, शाळेच्या ओळखपत्रावर भिस्त ठेवू नका.

पंचा_पातळ

परमिटवर बंगाराम आहे असं गृहीत धरलं, तरी वेळेचं गणित मांडून बघा. ८ ते ५ म्हणजे नऊ तास बेटावर, असं नसतं. जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींनी आत नेतात. पहिल्या फेऱ्या सहसा सहल घेतलेल्यांना मिळतात. स्वतंत्र जाणाऱ्याचा पाय जेट्टीला लागेपर्यंत दहा वाजले असं धरा. परतीची शेवटची बोट जहाज सुटायच्या तासभर आधी, म्हणजे चारला. त्याच्याआधी तास राखून ठेवलात तर तीनला जेट्टीवर. हातात पाच तास उरतात.

अगत्तीहून बंगारामला बोटीच्या ताकदीनुसार अर्धा-पाऊण तास जायला आणि तेवढाच यायला. मधला पट्टा उघड्या समुद्राचा, तिथे लाट लागते. बोटीचं इंजिन बंद पडलं किंवा वारा वाढला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर ती जबाबदारी त्यांची. खाजगी बोटीने झाला तर तुमची. अगत्तीला विमानतळ आहे हे खरं, पण त्याच दिवशी चार तिकिटं मिळतील हा भरवसा धरून कार्यक्रम आखू नये.

माझं मत स्पष्ट आहे: सासूबाई आणि लहान मूल बरोबर असताना बंगाराम सोडा. अगत्तीच्या लगूनमध्येच (प्रवाळाच्या कड्याच्या आतलं उथळ पाणी) दोन-अडीच तासांची बोट ठरवा. काचेच्या तळाच्या बोटीतून सासूबाईंना बसल्याजागी प्रवाळ दिसतील, मुलीला स्नॉर्केलिंग करता येईल. बेट लांबीला सातेक किलोमीटर आणि रुंदीला जेमतेम एक, त्यामुळे उरलेल्या वेळात रिक्षाने आरामात फिरून होतं.

बाराबंदी

@पंचा_पातळ पटलं. एक बोटवाला फोनवर म्हणतोय, अगत्तीच्या टोकाला कल्पिट्टी नावाचं रिकामं बेट आहे, तिथे सोडतो, परमिट लागत नाही. ते चालेल का?

भुईकोट

त्याच्या शब्दावर जाऊ नका. डिसेंबर २०२२ मध्ये लक्षद्वीप प्रशासनाने १७ निर्मनुष्य बेटांवर परवानगीशिवाय जायला बंदी घालणारा आदेश काढला होता. असे आदेश निघतात, बदलतात. "रिकामं बेट आहे, कोण विचारतंय" हे उत्तर तिथे लागू पडत नाही. उतरल्यावर जेट्टीजवळच्या पोलिसांना किंवा पर्यटन कार्यालयात सरळ विचारा. ते हो म्हणाले तर जा. बोटीतून लगूनमध्ये फिरणं आणि दुसऱ्या बेटावर पाय ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बोटवाल्याशी बोलताना लक्षात असू द्या.

आणि दोन नियम जे मोडले तर प्रकरण खरंच वाढतं. बंगाराम वगळता लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे; जहाजावर मिळाली म्हणून पिशवीतून खाली न्यायची नाही. आणि प्रवाळ, मेलेलं असलं, किनाऱ्यावर पडलेलं असलं, तरी उचलायचं नाही. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. मुलीला आधीच समजावून ठेवा, लहान मुलं खिशात भरतात. ड्रोन घरीच ठेवा.

जेट्टीवर_भेटू

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी सांगते, ताई. सगळ्यात अवघड जागा बोटीची नाही, जहाजातून छोट्या बोटीत पाय टाकायची आहे. दोन्ही एकाच वेळी वरखाली होत असतात. खलाशी दोन्ही हात धरतात, पण शेवटचं पाऊल स्वतःचंच. काठी हातात नको, दोन्ही हात मोकळे हवेत. मागे पट्टा असलेल्या चपला. लाट जास्त असेल तर त्यांनी जहाजावरच थांबायचं, हे घरीच ठरवा. तिथे रांगेत उभं राहून वाद नको.

ओहोटीची वेळ बघून घ्या. तिथे भरती-ओहोटीत फार फरक नसतो, पण लगूनच उथळ असल्याने तेवढ्यानेही बोट प्रवाळाला घासते आणि बोटवाले लांबच थांबतात. भरतीच्या आसपासची वेळ मागा.

मुलीसाठी स्नॉर्केलिंगचा मास्क घरून न्या. भाड्याचे मास्क मोठ्यांच्या मापाचे असतात आणि कडेने पाणी शिरलं की मूल घाबरतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर धरून नाकाने श्वास आत घ्यायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का हे बोट ठरवतानाच विचारा. नसेल तर दुसरी बोट बघा. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, पाठ भाजते. मुस्लिम वस्तीचं बेट आहे, त्यामुळे गावातून जाताना अंगभर कपडे. थांबा शुक्रवारी येत असेल तर दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद आणि बोटवालाही मिळत नाही.

आपला चाटी गल्लीतला जाड टॉवेल नेऊ नका, ओला झाला की सुकत नाही. पंचा न्या. शेंगाचटणी-कडक भाकरीही जहाजावर नेऊ देतील असं धरू नका, बहुतेक जहाजांवर बाहेरचं खाणं चालत नाही.

जुळे_सोलापूरकर

सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालात की सकाळी सीएसएमटी, तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पियर, टॅक्सीने अगदी जवळ. पण गाडी लेट होते की ओ कधीकधी. जहाजाची चेक-इनची वेळ दुपारची असेल तरच त्या रात्रीची गाडी धरा, नाहीतर आदल्या दिवशी जा.

बाराबंदी

सगळ्यांचे आभार. कंपनीला ईमेल टाकतेय. बोटवाल्याला आगाऊ किती द्यावे?

पंचा_पातळ

शक्यतो काहीच नाही. हवामान बिघडलं तर जहाज थांबा रद्द करतं आणि तसं करायचा हक्क तिकिटाच्या अटींत लिहिलेला असतो. मग आगाऊ रक्कम परत मिळवणं अवघड. अगदीच अडला तर थोडी रक्कम द्या, बाकी परतल्यावर रोख, सुट्या नोटांत. नेटवर्कच्या भरवशावर यूपीआय धरून बसू नका.

व्हॉट्सॲपवर हिंदीत हे लिहून पाठवा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा: तारीख आणि जहाजाचं नाव, चार माणसं, त्यात एक वृद्ध आणि एक लहान मूल, फक्त अगत्ती लगून, दुसऱ्या कुठल्याही बेटावर उतरणार नाही, साडेदहा ते एक, पूर्ण बोटीचा दर, माणशी नाही, जॅकेट चार, त्यातलं एक लहान, थांबा रद्द झाला तर पैसे नाहीत. दर कळला की इथे टाका, जास्त सांगतोय का ते बघू.