जुनं जाळं आणून दिलं तरच अनामत परत, असा नियम असावा का?

धरमपेठकर
परवा नागपूरजवळच्या एका तलावाकाठी टाकून दिलेल्या तंगुसाच्या जाळ्यात पाणकावळा अडकलेला दिसला. कात्रीनं सोडवायला अर्धा तास लागला, पाय मात्र वाचला नाही. माझं मत असं: नवं जाळं विकतानाच अनामत घ्यावी, फाटकं आणून दिलं की परत करावी. सुरुवात बंदरांपासून. ससून डॉक असो की मिरकरवाडा, जेटीवरच वजनकाटा ठेवा. नायलॉन ६ चं जाळं असेल तर रासायनिक प्रक्रियेनं त्याचं पुन्हा कॅप्रोलॅक्टम, म्हणजे ते ज्यापासून बनतं तो मूळ कच्चा माल, होतं आणि त्यातून नव्याच्या तोडीचा धागा निघतो. एवढा चांगला माल आपण पाण्यात सोडतो!

वैनगंगाकाठचा, सध्या हुडकेश्वर
भाऊ, पाखराचं दुःख मलेही हाय. पण अनामत कोणाच्या खिशातून? माह्या बापानं जाळं घेतलं तेच उधारीवर. अन् जाळं कोणी हौसेनं टाकत नाही जी. धरणात बुडालेल्या झाडांच्या खुंटात अडकते, ओढलं तं फाटते, अर्धं तिथंच राहते. मंग त्याची अनामत बुडालीच ना? घरी आलेलं जुनं जाळं आमच्याकडं वाडीच्या कुंपणाले लागते. पैसे जाळं बनवणाऱ्या कारखान्यानं भरावे.

मूळची रत्नागिरीची
वैनगंगाकाठच्या दादांशी सहमत. बंदरावरचा ढीग एका जातीचा नसतो. ट्रॉलची, म्हणजे बोटीमागून ओढायची, जाळी बहुतेक पॉलिइथिलीनची, दोर पॉलिप्रॉपिलीनचे, वर बूच, खाली शिसं, शिवाय वाळू आणि मीठ. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतं, पॉलिइथिलीन १३० च्या आसपास. एकत्र वितळवून काही हाती येत नाही. म्हणजे खरा खर्च निवडण्याचा आहे. दिवसभर बसून शिसं सोडवणाऱ्या बाईची मजुरी कोण देणार, हे आधी ठरवा. युरोपीय संघानं २०१९ च्या निर्देशात हा भार उत्पादकांवर टाकला. आपल्याकडे २०२२ मध्ये उत्पादकांवर जबाबदारी आली ती वेष्टनांच्या प्लास्टिकची. जाळी तीत घ्यावीत.

सदरवासी
एवढी निवडानिवड कशाला? केरळात कोल्लमचे मच्छीमार २०१७ पासून समुद्रातलं प्लास्टिक बंदरावर आणतात, ते रस्त्यांच्या डांबरात वापरलं जातं. आपणही जाळी डांबरात घालू.

मूळची रत्नागिरीची
नायलॉन नाही चालणार. डांबराचं मिश्रण १६०-१७० अंशांवर होतं, त्यात ते वितळतच नाही. आणि जे पुन्हा धागा होऊ शकतं ते रस्त्यात का गाडायचं?

धरमपेठकर
निवडणीच्या मजुरीचा विचार मी केला नव्हता, तो खर्च उत्पादकांचाच, मान्य. पण अनामत सोडत नाही. फुकट गोळा होतं म्हटलं की कोणी आणत नाही. अडकून गेलेल्या जाळ्याचं असं करता येईल: जागा कळवली की अनामत पूर्ण परत. संरक्षित कासव किंवा व्हेल शार्क सोडवायला जाळं कापलं तर डिसेंबर २०१८ पासून आपलं राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. मच्छीमाराच्या शब्दावर आणि फोटोवर तिथं विश्वास ठेवता येतो, तर इथं का नाही?

वैनगंगाकाठचा, सध्या हुडकेश्वर
ते समुद्रावरचं झालं. आमच्या तलावावर फोटो पाहाले कोण येते? आधी काटा काठावर आणा, मजुरी द्या, दोन हंगाम चालवून दाखवा. मंग अनामतीचं बोला. त्याआधी माह्या बापाकडून एक रुपया जास्तीचा घेऊ देणार नाही.