मदत हवी आहे : निपाणीतल्या आमच्या वाड्याचे जुने कागद

नमस्कार मंडळी. निपाणीतला आमचा वाडा काकांनी जिवापाड जपलाय. मुख्य दरवाज्याच्या गणेशपट्टीवर ‘शके 1809’ कोरलंय, म्हणजे इसवी सन 1887-88. माजघरातले सागवानी खांब अजून ठणठणीत आहेत. माळ्यावर तर आजही तंबाखूचा वास येतो. ट्रंकेत मोडीतलं एक खरेदीखत सापडलंय, पण कडा वाळवीनं खाल्ल्यात आणि विकणाऱ्याचं नाव लागत नाही.

1956 साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचे सिटी सर्व्हेचे उतारे कुठं मिळतील, बेळगावला की पुण्याच्या पुराभिलेखागारात? निपाणी-चिकोडीकडं मोडी वाचणारं कुणी आहे का? काका आता थकलेत, त्यांच्या हयातीतच वाड्याचा इतिहास लिहून काढायचाय. माहिती असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.