'मेंदूमृत' म्हणजे नक्की किती मृत?

मजकूरवाली : एका रुग्णालयासाठी अवयवदानाच्या संमतीचे कागद मराठीत करते आहे. मूळ शब्द 'ब्रेन स्टेम डेथ', म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा खालचा, देठासारखा भाग कायमचा बंद पडणं. पेपरात रोज येतो तो 'मेंदूमृत' मी डोळे झाकून लिहिला. वाक्य झालं, "आपला रुग्ण मेंदूमृत झाला आहे." मजकूर तिथल्या समन्वयक बाईंकडे गेला आणि तासाभरात फोन. "ताई, हा शब्द काढा. मी हे वाचून दाखवते आणि समोरचा बाप विचारतो, मेंदू गेला, बरं. बाकीचा आहे ना?" शब्दानेच लावलेली आशा मग त्यांना बसून खुडावी लागते. दुसरं काय लिहू? शुक्रवारी छपाईला जायचंय.

दौतटाक : शब्द तयार आहे : मस्तिष्कस्तंभमृत्यू. शाळेतली मुलं प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ पाठ करतात, तेव्हा मोठ्यांनी घाबरायचं कारण नाही. 'मेंदूमृत' दोनदा चुकलेला आहे. देशी शब्दाला संस्कृत शेपूट, आणि समासही उलटा. गतप्राण, हतबल, भग्नहृदय बघा. विशेषण आधी येतं. म्हणजे व्हायला हवा 'मृतमेंदू'.

आयसीयू_नाईटड्यूटी : 'मृतमेंदू' ऐकून मला बकऱ्याचा भेजा आठवला, माफ करा. रात्री अडीचला, शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी आलेल्या माणसाला 'मस्तिष्कस्तंभमृत्यू' सांगून बघा एकदा.

आम्ही आपसात 'ब्रेनडेड' म्हणतो. चाचणी काय असते ते सांगते, त्यातून शब्द सापडला तर बघा. डोळ्यांत बॅटरी मारायची, बाहुली हलत नाही. कानात बर्फाचं पाणी सोडायचं, डोळे फिरत नाहीत. शेवटी व्हेंटिलेटर सोडवायचा, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि छातीकडे बघत उभं राहायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 च्या वर चढतो तरी छाती हलत नाही. त्या वेळी खोलीत कोणी बोलत नाही. कमीत कमी सहा तासांनी हे सगळं पुन्हा.

आणि ताई, खरी चूक 'मेंदूमृत'मध्ये नाहीच, 'आपला रुग्ण'मध्ये आहे. मेलेला माणूस रुग्ण कसा? आमचेच डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, "मशीनवर जिवंत ठेवलंय." मग ते कशाला सही करतील?

कोर्टाची_पायरी : तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतो, म्हणून चार ओळी. भारतीय दंड संहितेत मृत्यूची व्याख्या काय होती माहीत आहे? 'मृत्यू म्हणजे मनुष्याचा मृत्यू.' विषय संपला! 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 'जीवनाची सर्व चिन्हं कायमची नाहीशी होणं' असं आहे, मेंदूचं नाव नाही. मेंदू आला तो 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात. महाराष्ट्रात आणि गोव्यात तो 4 फेब्रुवारी 1995 पासून लागू आहे. त्यात 'मृत व्यक्ती'च्या व्याख्येत दोन वाटा दिल्यात : ब्रेन स्टेमचा मृत्यू, किंवा हृदय-फुप्फुसं थांबणं. दोन्ही वाटांनी पोचायचं एकाच ठिकाणी.

पण गंमत पुढे आहे. 'ब्रेन स्टेम डेथ'ची व्याख्या करताना कायदा 'अवस्था' म्हणतो, आणि चार डॉक्टरांच्या मंडळाने तशी प्रमाणित केलेली अवस्था म्हणतो. म्हणजे सह्या नाहीत तोवर कायद्याच्या लेखी ती अवस्थाही नाही. तेव्हा शब्द 'प्रमाणित मृत्यू' करा.

आयसीयू_नाईटड्यूटी : काका, 'प्रमाणित' ऐकलं की लोकांना बियाणं आठवतं.

व्युत्पत्तीवेडा : दौतटाक, तुमचा 'स्तंभ' धोक्याचा आहे. वैद्यकात स्तंभ म्हणजे खांब कमी आणि ताठरणं जास्त. ऊरुस्तंभ म्हणजे मांड्या आखडण्याचा रोग. आपणही 'स्तंभित झालो' म्हणतो. मस्तिष्कस्तंभ वाचून एखाद्याला वाटेल, मेंदू नुसता आखडलाय, तेल लावलं की सुटेल! देठ म्हणा. 'मेंदूचा देठ सुकला.' देठावरून गळलेलं फळ परत लागत नाही, हे कोणालाही कळतं.

समासाचं म्हणाल तर पाणिनी 'आहिताग्नी' (विशेषण आधी) आणि 'अग्न्याहित' (विशेषण नंतर) दोन्ही चालवून घेतो. मराठी तर 'डोकेफिरू' म्हणते, 'फिरूडोके' नाही. आणि मेंदू तरी कुठे अस्सल देशी? माझ्या मते 'मेदस्'चाच नातू तो. मेंदूत चरबी भरपूर असते, हे जुन्यांना खाटकाकडे कळलेलं असणार.

दौतटाक : 'माझ्या मते' ही व्युत्पत्ती नसते. आणि सुकला म्हणजे पाणी घातलं की तरारेल असंही वाटेल.

टोकियोहून : इथे हीच चर्चा देशाने तीस वर्षं केली. 1968 मध्ये सापोरोत जपानमधलं पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं, दाता खरंच मेला होता का यावर रान उठलं. कायदा यायला 1997 उजाडलं, तोही तडजोडीचा : मेंदूचा मृत्यू हा मृत्यू खरा, पण अवयव द्यायचे असतील तरच. त्याच मजल्यावर, त्याच अवस्थेतले दोघे, एक मृत आणि एक रुग्ण. 2009 मध्ये दुरुस्ती झाली, पण वाद मिटले नाहीत. शब्द मात्र सुटसुटीत आहे, 'नोशी'. नो म्हणजे मेंदू, शी म्हणजे मृत्यू. सुटसुटीत शब्दाने काही सुटलं नाही, एवढंच सांगायचंय.

कोर्टाची_पायरी : आपल्याकडेही फार वेगळं नाही हो. घरच्यांनी दान नाकारलं की बरेच डॉक्टर व्हेंटिलेटर काढायला कचरतात, कारण व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात बसली आहे. आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेनांनी हृदय बदललं तेही 1968 मध्येच, तेव्हा तर आपल्याकडे हा कायदाच नव्हता.

चहापोहे : पण हल्ला झालेल्या नर्स अरुणा शानबागही केईएममध्येच इतकी वर्षं मेंदूमृत होत्या ना?

आयसीयू_नाईटड्यूटी : नाही, नाही, नाही! त्या स्वतः श्वास घेत होत्या. 1973 च्या हल्ल्यापासून 2015 मध्ये जाईपर्यंत. मेंदूचा देठ गेला तर तसं होत नाही. कोमा, शानबागांची ती श्वास चालू पण भान नसलेली अवस्था आणि हा मेंदूचा मृत्यू, तिन्हींना पेपरवाले एकाच खुंटीला टांगतात.

सांगलीकर : वाचून राहवलं नाही. माझा आतेभाऊ हायवेवर गेला. डॉक्टर म्हणाले ब्रेनडेड. आत्याने त्याचा हात धरला होता, म्हणाली, "अरे, गरम आहे रे." डॉक्टर आणि आम्ही सगळे त्या हाताकडे बघतोय. शेवटी सही तिनेच केली. तिने विचारलं होतं, "धुगधुगी आहे का?" डॉक्टर म्हणाले, "मशीनची आहे, त्याची नाही." मला वाटतं त्या एका वाक्याने तिला कळलं.

पुढची अडचण वेगळीच. दाखल्यावर वेळ दुसऱ्या चाचणीची, रात्री पावणेबाराची. हृदय काढलं पहाटे. मध्ये तिथी बदलली. वर्षश्राद्ध दशमीला की एकादशीला, यावर घरात अजून दोन तट आहेत.

व्युत्पत्तीवेडा : धुगधुगी! धगधग, धुकधुक, धुगधुगी. सख्ख्या बहिणी असणार.

दौतटाक : नसणार. पण सांगलीकर, तिथी सूर्योदयाचीच धरतात. दशमी.

कोर्टाची_पायरी : सूर्योदयाची तिथी व्रतवैकल्यांना. मृत्यूला त्या क्षणाची तिथी. आता क्षण कोणता, हे कायद्याने ठरवायचं तर दाखल्यावरचा. उत्तर दशमीच, पण कारण तुमचं चूक.

सांगलीकर : आत्या एकादशी करते. म्हणते, मी हात सोडला तेव्हा एकादशी लागली होती.

मजकूरवाली : 'आपला रुग्ण' काढलं. "यांचा मृत्यू झाला आहे" असं सरळ पहिलं वाक्य, आणि मेंदूचं कारण दुसऱ्या वाक्यात. पण वर ठळक मथळा लागतोच, तिथे एकच शब्द मावतो. तिथे काय?

व्युत्पत्तीवेडा : देठमृत्यू.

दौतटाक : पुन्हा संकर!

चहापोहे : 'मयत'ला काय हरकत आहे? पंचनाम्यात चालतोच की.

दौतटाक : तो अरबी आहे.

चहापोहे : असू दे. पण मयत की मैयत?